सासूबाईंना जेवणाला चवच लागत नाही. वय की आणखी काही?

खापरावरची (४ डिसेंबर, रात्री १०.१५)

नमस्कार मंडळी,

आम्ही यावल तालुक्यातले. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. त्यांचं वय ७३. गावात कुणाच्याही मळ्यात भरीत असलं की वांगी भाजायला पोरं जमायची, पण मीठ-मिरचीचा हात आईंचाच. बामणोदचं वांगं नुसतं हातात तोलून त्या सांगायच्या, "यात बिया फार, हे बाजूला ठेवा." वरणात मीठ पडलंय की नाही हे त्यांना वाफेवरून कळायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा कळण्याच्या पिठात ज्वारीला उडीद किती घालायचे हेही मला ठाऊक नव्हतं. आज जे काही येतं ते सगळं त्यांच्याच हाताखाली शिकलेलं.

यंदा पितृपक्षात पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "भाजीत मीठ नाही." मी चाखली, मला बरोबर लागली. मग रोजचंच झालं. कधी मीठ नाही, कधी मसाला शिळा आहे, कधी "तुझं लक्ष नसतं आता स्वयंपाकात." एकदा शेवभाजीवर त्यांनी वरून दोनदा मीठ घेतलं आणि चुकून तीच वाटी माझ्या धाकट्यानं ओढली, त्याला एक घास गिळवला नाही. साखरेचा त्रास असून चहात तीन चमचे. दिवाळीत पाहुण्यांसमोर म्हणाल्या की हिच्या हाताची चव गेली. त्या रात्री मी जेवले नाही, हे खरं सांगते. मला फार लागलं होतं ते.

पण पंधरा दिवसांपूर्वी वेगळंच झालं. गॅसवर दूध ठेवून मी ओट्यावर धुणं वाळत घालत होते. आई गॅसपासून दोन हातांवर पाटावर बसून मेथी निवडत होत्या. दूध उतू जाऊन आटलं, करपलं, वास मला बाहेर आला. धावत आत गेले तर स्वयंपाकघर धुरानं भरलेलं आणि आई शांतपणे मेथीची पानं खुडताहेत. मला म्हणाल्या, "काय झालं गं?" त्या चुलीकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांना वासच आला नव्हता.

तेव्हापासून माझा राग गेला आणि भीती बसली. दिवाळीत वजन ५४ किलो होतं, आता ५० आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, आणि पित्तासाठी पँटोप्राझोल रोज सकाळी, हे सगळं सहा-सात वर्षं चालू. मागच्या वर्षी वरची कवळी बसवली. जवळच्या एका डॉक्टरांना विचारलं तर "वय झालं, असं होतंच" म्हणाले आणि भुकेचं टॉनिक दिलं. खरंच एवढंच असतं का? कुणाला अनुभव आहे का?

केळीबाग (४ डिसेंबर, रात्री १०.५२)

आमच्या आबांचं तंतोतंत हेच. "तोंडले चवच नही, काय खाऊ?" एवढंच म्हणायचे आणि ताट सारायचे. आम्ही दोन वर्षं हट्टीपणा समजलो. धागा चालू ठेवा ताई, वाचतोय.

पांझराकाठ (५ डिसेंबर, सकाळी ७.३०)

खापरावरची ताई, मी धुळ्यात फार्मसी शिकवते. तुम्ही औषधांची नावं लिहिलीत ते फार बरं केलंत, कारण बहुतेक लोक "बीपीची गोळी" एवढंच लिहितात.

मेटफॉर्मिननं काही जणांना तोंडात धातूसारखी चव येते. पण तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असलं की शरीरात बी-१२ शोषलं जाणं कमी होतं. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या पित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तरी तेच, कारण अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटात आम्ल लागतं. दोन्ही गोळ्या एकत्र, वरून वय, आणि जेवण शाकाहारी असेल तर खातं मुळात रिकामंच. बी-१२ कमी झालं की जीभ गुळगुळीत आणि लालसर होते, तिची आग होते, चव उतरते, पायाला मुंग्या येतात. त्यांना उजेडात जीभ बाहेर काढायला सांगा. जिभेवर नेहमीची खरखर आहे का ते बघा.

तोंड कोरडं पडतं का तेही विचारा. पदार्थ लाळेत विरघळल्याशिवाय जिभेला काही कळत नाही. झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलीन, सर्दीच्या गोळ्या, लघवी आवरायच्या काही गोळ्या, या सगळ्या लाळ आटवतात. रक्तदाबाच्या एनालाप्रिल, कॅप्टोप्रिल या जातीच्या गोळ्यांनीही चव बिघडते. टेल्मिसार्टन वेगळ्या जातीचं आहे, त्यात हे प्रमाण बरंच कमी.

एक मात्र कळकळीनं सांगते. हे वाचून कुठलीही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. मेडिकलमधून आणलेली, शेजारणीनं दिलेली, वैद्यांची पुडीसुद्धा.

दादर_भाकर (५ डिसेंबर, सकाळी ९.१०)

माझं मत थोडं वेगळं आहे. म्हातारी माणसं खोटं बोलत नाहीत. चव त्यांचीच गेलेली नाही, अन्नाचीही गेली. माझ्या लहानपणी तापीकाठच्या काळ्या जमिनीत दादर ज्वारी पेरायचे, रब्बीला, नुसत्या ओलीवर. त्या दादरची भाकर कोरडी खाल्ली तरी गोड लागायची. आता बाजारात संकरित ज्वारी येते, तिचं पीठ आठ दिवस गिरणीच्या डब्यात पडून असतं. वांग्याचंही तेच, पाणी आणि खत पाजून फुगवलेलं. वडील ८० वर्षांचे आहेत, "भाकरीला चव नाही" म्हणाले म्हणून मी बोदवडहून दादर आणली आणि ताजी दळून दिली. दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी. सगळंच आजारपणात ढकलू नका, एवढंच म्हणणं.

सातपुड्याच्या_पायथ्याशी (५ डिसेंबर, दुपारी २.२०)

दादर_भाकर, तुमचं म्हणणं अर्धं पटतं. ताज्या पिठाचा वास जास्त असतो आणि ज्याचा वास कमी झालाय त्याला तेवढ्यानंही फरक पडतो. पण करपलेल्या दुधाचा वास न येणं हे बाजारातल्या ज्वारीमुळे नाही.

मी शहाद्याकडे कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करतो. रोज कुणी ना कुणी "चव गेली" म्हणून येतं आणि तपासलं तर बहुतेकांचा गेलेला असतो तो वास. हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथूनच सगळा उलगडा होतो.

जिभेला मुळात पाच गोष्टी कळतात. गोड, आंबट, खारट, कडू, आणि उमामी. टोमॅटो शिजवून आटवला की जो भरीवपणा येतो तो उमामी. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली तो ओळखला. बाकी ज्याला आपण चव म्हणतो, जिऱ्याची, हिंगाची, भाजलेल्या वांग्याची, ती सगळी वासाची. घास चावताना वाफ घशाच्या मागून वर नाकात चढते. नाकाच्या छताला वास ओळखणाऱ्या पेशींचा एक लहानसा पट्टा असतो, तिथं ती पोचली की डोक्यात "भरीत" उमटतं. नाहीतर जिभेला फक्त मऊ, खारट लगदा कळतो.

घरी करून बघा. आईंना डोळे मिटायला सांगा, नाक चिमटीत घट्ट धरायला सांगा आणि तोंडात चिमूटभर बडीशेप द्या. चावू द्या. थोडं गोडसर, थोडं भुशासारखं लागेल. मग नाक सोडायला सांगा. तुम्हाआम्हाला त्या क्षणी बडीशेपेचा वास धाडकन येतो. त्यांना काही फरक पडला नाही तर अडचण नाकात आहे. मग जिभेवर आलटून पालटून साखर, मीठ, लिंबू आणि कारल्याचं पाणी द्या, मध्ये चूळ भरू द्या. हे ओळखलं तर जीभ बऱ्यापैकी शाबूत.

वय वाढलं की वास उतरतो, साठीनंतर जास्तच. जिभेवरच्या चवीच्या पेशी साधारण दहा दिवसांनी नव्या होत असतात. म्हातारपणी तो वेग मंदावतो, पण वासाइतकी पडझड जिभेची होत नाही. म्हणून "वय झालं" हे पूर्ण चूक नाही. पण वय झालं म्हणून तपासायचंच नाही, हे चूक.

आणि तिखट. आपल्याकडचे म्हातारे चव गेली की ठेचा मागतात, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल. त्याचं कारण आहे. तिखट ही चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतं आणि तो निरोप ट्रायजेमिनल नावाच्या वेगळ्याच मज्जातंतूनं जातो. हा ग्राही शोधल्याबद्दल डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. वास गेला तरी ही वाट चालू असते. त्या माणसाला ताटातलं तेवढंच अजून ऐकू येत असतं म्हणा ना.

खापरावरची (५ डिसेंबर, रात्री ९.४५)

डॉक्टरसाहेब, तुमचं शेवटचं वाक्य यांना वाचून दाखवलं. आमच्या घरात हिरव्या मिरचीचा ठेचा पूर्वी आठवड्याला एकदा व्हायचा, आता दर दोन दिवसांनी. मला वाटायचं भूक लागावी म्हणून मागतात.

बडीशेपेचं केलं. नाक धरून चावली, मग सोडलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी दोन-तीनदा श्वास आत घेतला, परत चावली, आणि म्हणाल्या, "जुनी आहे का गं ही?" डबा कालच भरलाय. मग मी हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. थोडं काहीतरी आहे म्हणाल्या, पण काय ते सांगता येईना. हिंग, त्यांना सांगता येईना. साखर, मीठ, लिंबू ओळखलं, मिठाला मात्र वेळ लागला. कारलं ओळखलं.

त्या उठून देवघरात जाऊन बसल्या. मी मागे गेले नाही. थोड्या वेळानं स्वतःच आल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तू मीठ टाकत होतीस." एवढंच.

जीभही पाहिली. मधोमध गुळगुळीत लाल, आणि कडेला पांढरे ठिपके.

गोदूची_सून (५ डिसेंबर, रात्री १०.३०)

ताई, मी पाच वर्षं "तुझ्या हाताला चव नाही" ऐकलं. मीही मनात धरलं, उलट बोलले, एकदा तर माहेरी निघून गेले. सासूबाई गेल्या तीन वर्षांपूर्वी. आज तुमचा धागा वाचून कळलं की त्यांना खरंच लागत नव्हती चव. मला आता कुणाला सांगताही येत नाही. तुम्ही लवकर ओळखलंत.

दातांची_गोष्ट (६ डिसेंबर, सकाळी ८.०५)

मी दंतवैद्य आहे, भुसावळला. पांढरे ठिपके वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

कवळी रात्री काढतात का त्या? बरेच जण काढत नाहीत, लाज वाटते म्हणून किंवा सवय म्हणून. कवळीखाली ओल राहते, त्यात साखर वाढलेली, लाळ कमी, मग कँडिडा नावाची बुरशी धरते. ती टाळूला आणि जिभेला लागली की चव मरते, कधी तोंड कडवट होतं. दम्यासाठी फवारा ओढणाऱ्यांनाही हेच होतं, त्यांनी प्रत्येक वेळी चूळ भरलीच पाहिजे. बुरशीवर औषध साधं आहे, पण कुणीतरी तोंड उघडून बघायला हवं. वरची कवळी पूर्ण टाळू झाकते, त्यानं घासाचा गरमपणा आणि पोत दोन्ही कमी कळतात, म्हणून नवी कवळी बसली की काही महिने जेवण परकं वाटतं.

रात्री कवळी काढून मऊ ब्रशनं घासून पाण्यात ठेवायची. जीभही हलक्या हातानं रोज साफ करायची. आणि मिश्री किंवा तंबाखू लावत असतील तर आधी तोंडात कुठे न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा आहे का ते बघून घ्या. दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम दाखवायलाच हवी, दुखत नसली तरी.

अमळनेरची_लेक (६ डिसेंबर, सकाळी ११.२०)

मी ठाण्यात असते, माहेर अमळनेर. अण्णांचा वास २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. चार महिन्यांनी थोडा परत आला, पण वाकडा. कांद्याची फोडणी पडली की त्यांना गटारासारखा वास यायचा, घरात कांदा बंद झाला. खान्देशात कांदा बंद म्हणजे काय करायचं सांगा.

आम्हाला डॉक्टरांनी वासाचा व्यायाम दिला होता. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली तो मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग असे चार वास. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक वास पंधरा-वीस सेकंद हळूहळू घ्यायचा, तो वास पूर्वी कसा होता ते आठवत. किमान बारा आठवडे. अण्णा रोज सकाळी पूजेच्या आधी चार बाटल्या ओळीनं मांडायचे. आईनं गुलाबाऐवजी चंदनाचं अत्तर ठेवलं होतं, त्याच्याशी त्यांच्या जास्त आठवणी होत्या म्हणून. पूर्ण नाही आला वास, पण आज कांदा खातात. सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही, पण काही अपायही नाही.

बोरीकाठ (६ डिसेंबर, दुपारी ४.००)

सगळं वाचलं. माझा साधा प्रश्न आहे. ज्या बाईनं आयुष्यभर गावाला खाऊ घातलं तिनं ७३ व्या वर्षी वरून चिमूटभर मीठ मागितलं तर काय बिघडलं? आमच्या माईला शेवटची दोन वर्षं अळणी खायला घातलं, ती खाईना, हाडं निघाली तिची. गेली तेव्हा रक्तदाब अगदी छान होता. आजही जेवायला बसलो की आठवतं. म्हाताऱ्या माणसाला जेवणाचं सुख द्या.

पांझराकाठ (६ डिसेंबर, सायंकाळी ६.४०)

बोरीकाठ दादा, तुमचं दुःख खरं आहे आणि मुद्दाही. वजन उतरत असलेल्या म्हाताऱ्या माणसाला कडक पथ्यात बांधणं हे कधीकधी मिठापेक्षा जास्त नुकसान करतं. बरेच डॉक्टर अशा वेळी पथ्य सैल करतात. सहा महिने ते वर्षभरात ठरवून न करता वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं तर ती धोक्याची खूण मानतात. ताईंच्या सासूबाई ५४ वरून ५० वर आल्यात, म्हणजे सात टक्क्यांच्या वर, आणि तेही दीड महिन्यात. म्हणून त्यांनी खाणं ही पहिली गोष्ट.

पण चव गेलेल्या माणसाच्या हाती मिठाचा डबा देण्यात एक अडचण आहे, त्याला थांबायचं कुठे ते कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, बिबडे, शेव सगळं आलं. शिजवताना मीठ निम्मं करा आणि उरलेलं ताटात वरून भुरभुरा. वरचं मीठ जिभेला आधी भिडतं, तेवढंच जास्त खारट लागतं.

आणि एक धोका. दुकानात "लो सोडियम" मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन चालू असलेल्यांनी किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

जिंकच्या गोळ्यांचंही तेच. जिंक कमी पडलं तर चव जाते हे खरं, पण मनानं महिनोन्‌महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं.

सातपुड्याच्या_पायथ्याशी (६ डिसेंबर, रात्री ८.१५)

पांझराकाठ मॅडमना अनुमोदन. ताई, तपासण्या मागून घ्या : बी-१२, हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉइड. मूत्रपिंड थकलं तरी तोंडाला धातूची चव येते. नाकात दुर्बीण घालून कोंब किंवा सूज नाही ना हे पाहायला पाच मिनिटं लागतात. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, खासगीतच जावं लागतं असं नाही.

त्या अलीकडे पडल्या होत्या का? डोक्याला मार बसला तर वासाचे बारीक तंतू कवटीच्या तळाशी तुटतात. नाकाच्या एकाच बाजूचा वास गेलाय का, नाकातून रक्त येतं का हेही विचारा. आणि चालणं मंदावणं, हात थरथरणं, विसरणं यातलं काही जोडीला असेल तर डॉक्टरांना सांगा. पार्किन्सनमध्ये वास कधीकधी थरथर सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधी जातो. घाबरवायला सांगत नाही, वास गेलेल्या बहुतेकांना पार्किन्सन नसतो.

केळीबाग (६ डिसेंबर, रात्री ९.००)

गॅसचं कुणीच लिहिलं नाही अजून. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात. आबांच्या खोलीशेजारी शेगडीची नळी सुटली होती, त्यांना पत्ता नाही. वहिनी वेळेत आल्या म्हणून. आता आम्ही गळती ओळखणारं, वाजणारं यंत्र भिंतीला खाली लावलंय. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून जमिनीपासून वीतभर उंचीवर. रात्री रेग्युलेटर बंद. आणि फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख, कारण आंबलेली आमटी आबा बिनदिक्कत प्यायचे.

बिबडेवाली (७ डिसेंबर, दुपारी १.३०)

औषधांचं जाणकारांनी सांगितलं, मी पातेल्यातलं सांगते. माझ्या आईची चव कर्करोगाच्या किरणोपचारानंतर गेली होती, आठ महिने तिच्यासाठी रांधलंय.

सगळं एकत्र कुस्करून देऊ नका. म्हाताऱ्यांना मऊ लागतं म्हणून आपण वरण, भात, भाजी कालवून एक लगदा करतो आणि तिथंच ते ताट मरतं. वास नसलेल्या माणसाला दाताखाली काय येतं यावर जगायचं असतं. मऊ खिचडी द्या, पण वर भाजून अर्धवट कुटलेले शेंगदाणे. कढीत कुरकुरीत तळलेली मेथी. बिबडा भाजून चुरा, पण त्या दिवशी भाजीत मीठ कमी.

ताट वाफाळतं हवं, निवलेलं नको. वाफ आहे तोवर वास आहे. खिचडीवर कच्चं शेंगदाणा तेल आपण घेतोच, ते सोडू नका, वास तेलातच विरघळतो. फोडणी स्वयंपाकघरात न देता ताटाशी आणून द्या. चर्र आवाज झाला पाहिजे त्यांच्यासमोर. माझी आई म्हणायची की आवाजानं भूक लागते.

आंबट विसरू नका. लिंबू, चिंच, नंदुरबारचं आमचूर. आंबटानं लाळ सुटते आणि मीठ कमी लागतं. जेवणाआधी आल्याचा पातळ काप लिंबात बुडवून. जुनी माणसं आलं-सैंधव खायची, बीपी असेल तर सैंधव सोडा, तेही मीठच. डाळ-गंडोरी, पातोड्यांची आमटी अशा डाळीच्या गोष्टी जास्त ठेवा, वजन उतरलंय तर प्रथिनं जायला हवीत. आणि त्यांना एकटं जेवायला बसवू नका. आई माझ्यासमोर दोन घास जास्त खायची, रोज मोजलेत मी.

खापरावरची (१९ डिसेंबर, रात्री ९.२०)

उशिरा लिहितेय, जळगावच्या फेऱ्या चालू होत्या. सगळ्यांना सांगायचं होतं.

बी-१२ आलं १४८. कमीत कमी २०० तरी हवं म्हणाले. तोंडात बुरशी निघाली, कवळीखाली टाळू लालभडक होता. त्या रात्री कवळी काढत नव्हत्या. नातवांनी तसं बघू नये म्हणून, हे त्यांनी दंतवैद्यांना सांगितलं, मला वर्षभरात कधी सांगितलं नाही. थायरॉइड, क्रिएटिनिन ठीक. नाकात कोंब नाही. पडल्या नव्हत्या. वास वयानं बराच उतरलाय, तो पूर्ण येईल असं धरू नका, असं स्पष्ट सांगितलं.

बी-१२ ची इंजेक्शनं सुरू आहेत, जिभेला औषध लावतोय. पित्ताची गोळी हळूहळू कमी करून बंद करायची ठरलीय. डॉक्टरांनी विचारलं पित्त कधी वाढलं, तर हिशेब लागला. चव लागेना म्हणून ठेचा वाढला, ठेच्यानं जळजळ, जळजळीमुळे गोळी सुटेना, गोळीनं बी-१२ आणखी खाली. आता ठेचा आहे, पण भाजलेल्या मिरचीचा, दाण्याचं कूट जास्त घालून.

वासाचा व्यायाम चार डब्यांवर चालतो : लवंग, लिंबाची साल, हिंग, आणि निलगिरीचं तेल. धाकटा समोर बसतो आणि डोळे मिटायला लावून डबी ओळखायला सांगतो. चुकलं की आजी त्याच्यावर रागावते, डबी त्यानंच बदलली म्हणते.

गोदूची_सून (१९ डिसेंबर, रात्री ९.५५)

वाचून फार बरं वाटलं ताई.

दादर_भाकर (२० डिसेंबर, सकाळी ७.१५)

मी वडिलांचं बी-१२ तपासायला दिलंय. पिठावर माझं मत तेच आहे, पण तपासायला दिलंय.

खापरावरची (११ जानेवारी, रात्री १०.४०)

परवा आमच्या मळ्यात भरीत होतं. तीस माणसं. आई म्हणत होत्या, मी येत नाही, मला आता कळत नाही, उगाच तुमचं बिघडवेन. यांनी गाडीत बसवून आणलंच.

कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या, वांगी टाकली. आई लांब खाटेवर बसल्या होत्या. धूर त्यांच्या अंगावर जात होता, त्यांना कळत नव्हता. वांगी सोलून बडगीत ठेचायला घेतली तेव्हा त्या उठून आल्या. ठोंब्या हातात घेतला. वांगी ठेचली गेल्याचं आवाजावरून कळतं त्यांना, बदबद आवाज यायला लागला की थांबायचं. भाजलेली मिरची, लसूण, दाणे, पात झालं. मग मिठाचा डबा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तुम्हीच टाका आई, हाताला ठाऊक आहे. त्यांनी मूठ भरली, अंगठ्यानं थोडं मागे डब्यात सारलं, आणि टाकलं. चाखलं नाही. बडगी माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तू चाख आणि खरं सांग."

बरोबर होतं. अजिबात कमी-जास्त नव्हतं. मी तसं सांगितलं तर त्यांनी मोठ्या जाऊबाईंनाही चाखायला लावलं.

त्या स्वतः दीड कळण्याची पुरी जेवल्या. वांग्याची चव लागली का विचारलं, तर म्हणाल्या, "दाणे लागले, मिरची लागली, आणि मागून कुठूनतरी धूर आल्यासारखा वाटला, पण ते मला आठवत असेल." वजन आज ५१ भरलं.

आता घरात रोज असंच आहे. मीठ त्या टाकतात, चाखते मी.

अमळनेरची_लेक (११ जानेवारी, रात्री ११.०५)

ताई, अण्णांना हे मोठ्यानं वाचून दाखवलं. ते विचारताहेत की तीस माणसांना वांगी किती किलो घेतली होती.

खापरावरची (१२ जानेवारी, सकाळी ६.३०)

पंधरा. आईंनी निवडून दोन किलो परत पाठवली होती, बिया जास्त म्हणून.